मांजराला न वाजणारा भोंगा

गुरुलिंगचा राग चोरांवर नव्हता. चोर आपला धंदा करतात, असं तो सरळ म्हणायचा. त्याचा राग होता मांजरांवर, आणि त्याहून जास्त, घरात मांजर पाळून वर चोरभोंगाही मागणाऱ्या माणसांवर.

साखर पेठेत एका चिंचोळ्या गाळ्यात त्याचं दुकान होतं. पंचवीस वर्षांपूर्वी तो तिथं टीव्ही दुरुस्त करायचा. ते पोटवाले टीव्ही गेले. मग डीव्हीडी आली आणि गेली. मग मोबाइलचे चार्जर आले, तर लोक ते दुरुस्त करून घेण्याऐवजी फेकून नवे घ्यायला लागले. जग पुढं सरकायचं आणि गुरुलिंग हातात सोल्डरिंग गन घेऊन त्याच्यामागं पळायचा. पन्नाशी जवळ आली तरी त्याची आणि जगाची गाठ काही पडली नव्हती. हल्ली तो कॅमेरे आणि चोरभोंगे बसवायचा. चोरभोंगा हा शब्द त्याचाच. भिंतीवर एक पांढरी डबी, तिच्या आत अंगाची ऊब ओळखणारा डोळा. घर बंद असताना त्याच्यासमोरून ऊब हलली की भोंगा बोंबलतो आणि मालकाच्या फोनवर निरोप जातो. हे सगळं बाजारात तयार मिळायचं. गुरुलिंगनं फक्त भिंतीला भोक पाडायचं आणि स्क्रू पिळायचा.

पण त्या डोळ्याला माणसाची ऊब कोणती आणि मांजराची कोणती, एवढी साधी अक्कल नव्हती. खिडकीच्या गजातून बोका आत आला की भोंगा. घरातलं कुत्रं उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पडलं की भोंगा. शेजारी शिव्या घालायचे, मालक ऑफिसातून घामाघूम होऊन पळत यायचा, आणि चार वेळा पळाला की पाचव्या वेळी तो भोंगा बंद करून ठेवायचा. धोंडिराम मास्तरांनी तेच केलं. हे रिटायर झालेले मास्तर. त्यांच्याकडं एक पांढरं झिपरं कुत्रं. वेळापूरला पुतणीच्या लग्नाला जाताना त्यांनी कुत्रं घरात ठेवलं आणि भोंगा बंद केला. भर दुपारी चोरांनी घर धुऊन नेलं. मास्तरीणबाईंच्या पाटल्या गेल्या, मिक्सर गेला, कुकरसुद्धा गेला. कुत्र्यानं चोरांचे पाय चाटले असावेत, कारण त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता.

मास्तर दुकानात आले तेव्हा गुरुलिंगला वाटलं, आता आपली खैर नाही. पण मास्तर शांतपणे बाकावर बसले आणि म्हणाले, "तुझं मशीन चांगलंच होतं रे. आम्हीच बंद ठेवलं. कुत्रं काय चोर असतं होय, पण त्याला कोण समजावणार?"

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर गुरुलिंग दोन दिवसांत विसरला असता. पण हे त्याला लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू उघडून बघणारा माणूस तो. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मनाशी ठरवलं की आपण एक वस्तू बनवायची. माणसाला वाजणारी आणि जनावराला न वाजणारी.

दोन महिने तो दुसरं काही बोलला नाही. आधी त्यानं डोळ्याच्या खालच्या अर्ध्या काचेला काळी टेप चिकटवून बघितली, म्हणजे खालून जाणारं मांजर दिसायला नको. मांजर कपाटावर चढलं आणि भोंगा वाजला. मग त्याला युक्ती सुचली. एकाऐवजी दोन डोळे लावायचे. खालचा गुडघ्याच्या उंचीवर बघणार, वरचा छातीच्या. मांजर खालून गेलं तर फक्त खालच्याला दिसेल, कपाटावर चढलं तर फक्त वरच्याला. दोघांना एकाच वेळी दिसलं, तरच तो माणूस. आणि खालच्या डोळ्याला जितक्या वेळा काही दिसेल, तितका आकडा फोनवर येत राहील, म्हणजे जनावर किती वेळा फिरलं आणि भोंगा किती वेळा गप्प बसला ते गिऱ्हाइकाला दाखवता येईल.

"आन चोर रांगत आला तर?" त्याच्या बायकोनं, राजश्रीनं, भाकरी थापता थापता विचारलं.

"लोकाच्या घरात कोन रांगत येतंय? माणूस हाय तो, दोन पायांवरच येनार." गुरुलिंग असा काही हसला की राजश्रीनं पुन्हा विचारलं नाही.

आता गुरुलिंगच्या घरचं सांगायला पाहिजे, कारण मशीन पहिल्यांदा बसलं ते तिथंच. विजापूर रोडला एका जुन्या कॉलनीत तीन खोल्या. पुढं हॉल, मधे आतली खोली, मागं स्वयंपाकघर, आणि संडास-मोरी हॉलच्या दुसऱ्या टोकाला. बांधणाऱ्यानं कोणत्या धुंदीत बांधलं देव जाणे. म्हणजे आतल्या खोलीत राहणाऱ्याला मोरीला जायचं तर सगळा हॉल ओलांडावा लागायचा. आणि आतल्या खोलीत राहायची गुरुलिंगची आई, मायाक्का. घरात आणि गल्लीत सगळे तिला अव्वाच म्हणायचे.

अव्वा मंद्रूपजवळच्या एका वस्तीवरची. नवरा तरुणपणीच गेला. त्यानंतर वीस वर्षं ती डोक्यावर भाजीची पाटी घेऊन मंद्रूपच्या बाजाराला चालत गेली आणि चालत आली. एसटी होती, पण एसटीत पाटीचं तिकीट मागतात म्हणून तिला एसटीचा राग. गुरुलिंगला आयटीआयला घातलं ते या चालण्यावर. सोलापुरात लेकाकडं राहायला आल्यावरसुद्धा ती उठसूट चालत सुटायची, आणि तिला शोधायला गुरुलिंगला गाडी काढावी लागायची.

गेल्या दिवाळीत ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली. घरी सोडताना डॉक्टरांनी गुरुलिंगला बाजूला घेतलं. "आम्ही हाड जोडलंय," ते म्हणाले, "पण पाय चालू ठेवायचं काम तुमचं. रोज वॉकर धरून घरातल्या घरात आठ-दहा फेऱ्या मारल्याच पाहिजेत. या वयात एकदा बसल्या की परत उठवता येत नाही." गुरुलिंगनं मान हलवली. अव्वानं तर डॉक्टरांना ऐकवलं, की मला चालायला शिकवता व्हय? आणि ती खरोखर चालली. माघापर्यंत वॉकर टकटक वाजवत ती मोरीला एकटी जाऊन यायला लागली. राजश्री गारमेंटच्या कारखान्यात शाळांचे गणवेश शिवायला जायची, सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सहाला यायची. तेवढा वेळ अव्वा आणि तिची राखाडी मांजर भुरी, दोघीच घरात.

मग एक दिवस पितळेची भांडी चकाचक करून देतो म्हणत दोन माणसं दारात आली. अव्वानं दार उघडलं. भांडी चमकवता चमकवता त्यांनी तिच्या हातातली चांदीची कडी धुवायला मागितली, आणि कडी घेऊन ती माणसं जी गेली ती गेलीच. त्या दिवसापासून गुरुलिंगनं बाहेरून कुलूप घालायला सुरुवात केली. कॉलनीत निम्म्या घरांत हेच चालतं. म्हाताऱ्या माणसाला आत ठेवायचं, बाहेरून कुलूप लावायचं, एक किल्ली शेजारी द्यायची आणि कामाला जायचं. काळजी म्हणून करतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. अव्वाला मात्र वाटलं होतं. "कोंबडी झाकल्यागत झाकून जाताय व्हय रं मला?" ती म्हणाली. पण कडी घालवल्याचा गुन्हा तिच्या माथी होता, त्यामुळं तिनं फार ताणलं नाही.

बाहेरून कुलूप म्हटल्यावर चोराला घर रिकामं वाटणार. आत एकटी म्हातारी. म्हणजे भोंगा पाहिजेच. आणि घरात मांजर आहे, म्हणजे गुरुलिंगच्या मशीनची परीक्षा घ्यायला याहून चांगलं घर सोलापुरात दुसरं नव्हतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यानं हॉलच्या भिंतीवर दोन डब्या बसवल्या. अव्वासाठी एक छोटं बटण केलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातलं. उठायच्या आधी ते दाबायचं, म्हणजे दहा मिनिटं दोन्ही डोळे झाकतील, तेवढ्यात जाऊन यायचं. अव्वानं बटण उलटंपालटं करून बघितलं. गळ्यात आधीच इष्टलिंग होतं, त्याच्याशेजारी हे दुसरं आलं.

पहिल्याच दिवशी ती बटण दाबायला विसरली. हॉलमध्ये दोन पावलं टाकली आणि भोंगा असा काही किंचाळला की ती वॉकरला धरून जागच्या जागी थरथरत उभी राहिली. गुरुलिंग साखर पेठेतून गाडी दामटत आला. दुसऱ्या वेळी ती दाबायला विसरली नव्हती, पण वाकड्या झालेल्या बोटांनी बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं. तिसऱ्या वेळी दाबलं होतं, पण मोरीत दहा मिनिटांच्या वर वेळ गेला. चौथ्या वेळी गुरुलिंग एका गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर चढला होता. तो तसाच उतरून आला तेव्हा उन्हानं आणि संतापानं त्याचं डोकं तापलं होतं. शेजारची चैताली किल्ली घेऊन आधीच आत आली होती आणि अव्वाला पाणी पाजत होती. तिच्यासमोरच तो ओरडला.

"बटन दाबायचं ध्यानात ऱ्हात न्हाय, तर उठू तरी नको की गं! किती येळा पळत यू मी? मशीन कसं चालनार हाय असं?"

अव्वानं त्याच्याकडं बघितलं आणि "बरं" म्हणाली. गुरुलिंग परत गिऱ्हाइकाकडं गेला, शिडीवर चढला, आणि आपण काय बोललो ते संध्याकाळपर्यंत विसरलासुद्धा.

त्यानंतर भोंगा वाजला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठवडा झाला तरी नाही. गुरुलिंगचा जीव भांड्यात पडला. अव्वाला बटण जमलं, असं त्यानं गृहीत धरलं. फोनवर रोज आकडा यायचा. आज खालची हालचाल चौतीस वेळा, आज एकेचाळीस. भोंगा शून्य वेळा. तो दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला फोन काढून दाखवायचा. "बघा, माज्या घरचं मांजर दिवसात एकेचाळीस येळा फिरलंय. एकदा तरी वाजलं का?" धोंडिराम मास्तर खास बघायला आले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पहिलं मशीन माझ्याकडं बसवायचं." बारा जणांनी सांगून ठेवलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा लोक गुरुलिंगकडं त्याची स्वतःची वस्तू मागत होते. संध्याकाळी घरी येऊन तो अव्वाच्या खाटेवर बसायचा आणि सगळं सांगायचा. अव्वा ऐकायची. "वाजत न्हाय न्हवं आता?" एवढंच विचारायची, आणि तो नाही म्हणाला की तिचा चेहरा खुलायचा.

एप्रिल गेला. सोलापूरचं ऊन भाजायला लागलं. अव्वा संध्याकाळी राजश्रीनं हाताला धरून मोरीला नेलं की निम्म्यात थांबायला लागली. पाय ओढतात म्हणायची. "उन्हानं हुतंय," गुरुलिंग म्हणाला, आणि मेमध्ये तर तो तिला उचलूनच मोरीला न्यायला लागला. वॉकर आतल्या खोलीत भिंतीला लागून उभा असायचा आणि त्याच्यावर तिचा टॉवेल वाळत असायचा. राजश्रीला आणखी एक गोष्ट दिसली होती. अव्वाच्या इरकली लुगड्यांना मागच्या बाजूला भोकं पडत होती. एकाला नाही, तिन्हींना. तिनं आतून ठिगळं लावली आणि मनात म्हणाली, जुनी लुगडी, विरणारच. दिवसभर कापडात हात असणारी बाई ती. तिला कळायला हवं होतं असं आता वाटतं. पण दिवसाला शंभर हाफ पँट शिवून आलेल्या माणसाकडून किती कळण्याची अपेक्षा करायची?

जूनच्या सुरुवातीला एका रविवारी चैताली पाण्याची कळशी घेऊन दारात आली आणि सहज म्हणाली, "काका, तुमची भुरी आमच्या माळ्यावर व्यालीय. तीन पिल्लं आहेत. वीस-बावीस दिवस झाले, हलायला तयार नाही तिथून. आजींना म्हणावं, दूध सुटलं की एक आणून देते."

गुरुलिंग हसला, बरं म्हणाला, आणि दार लावताना एकदम थांबला. वीस-बावीस दिवस. त्यानं फोन काढला. काल छत्तीस वेळा, परवा एकोणचाळीस, त्याच्या आदल्या दिवशी तेहतीस.

मांजर घरात नाही. मग खालून फिरतंय कोण?

दुसऱ्या एखाद्याला तिथंच कळलं असतं. गुरुलिंग मेकॅनिक होता, त्याला आधी मशीनवर संशय आला. उन्हानं भिंत तापते, तापलेल्या भिंतीपुढं डोळ्याला भास होत असणार, असं त्याला वाटलं. त्यानं खालची डबी उघडली, वायरी तपासल्या, काच पुसली. मग घुशीचा संशय आला म्हणून स्वयंपाकघरात पिंजरा लावला. अव्वा खाटेवर बसून हे सगळं बघत होती. "बिघडलं व्हय रं?" तिनं दोनदा विचारलं. "न्हाय, बघतो," तो म्हणाला. सोमवारी आकडा आला अडतीस. पिंजरा रिकामाच होता.

मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता तो कुणाला न सांगता घरी आला. गाडी लांब लावली. कुलूप न काढता हॉलच्या खिडकीशी गेला आणि पडद्याच्या फटीतून आत बघत उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

थोड्या वेळानं आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर एक तांब्या आला. मागून एक हात आला, त्यानं तांब्या पुढं सरकवला. मग अव्वा आली. ती जमिनीवर बसलेली होती. दोन्ही तळहात शहाबादी फरशीवर टेकवायची, अंग उचलायची, वीतभर पुढं घसरायची, तांब्या पुढं ढकलायची, परत हात टेकवायची. डब्यांच्या समोर आली तशी तिनं मान खाली घातली. इतकी खाली, की कपाळ गुडघ्याला लागलं. आणि तशीच, घरातल्या थोर माणसांपुढून सासुरवाशिणीनं जावं तशी, ती हळूहळू पुढं सरकत गेली. पलीकडं गेल्यावर तिनं मान वर केली, डबीकडं एकदा बघितलं आणि दम खात थांबली.

गुरुलिंगच्या खिशात फोन थरथरला. तिच्या एकेका सरकण्याला एक धरून बाविसाचे सव्वीस झाले होते.

त्यानं कुलूप कसं काढलं ते त्याचं त्याला आठवत नाही. दार ढकलून तो आत धावला आणि भोंगा वाजला. मशीननं काम चोख केलं होतं. दोन पायांवर माणूस आत आला होता. त्या कर्कश आवाजात अव्वानं दोन्ही हात कानांवर घेतले, तांब्या कलंडला, आणि ती ओरडायला लागली, "मी न्हाय! मी न्हाय रं उठले! खालीच हाय मी! मी न्हाय!"

भोंगा बंद करून गुरुलिंग तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसला. अव्वानं डोळे पुसले, तो आहे असं बघितलं, आणि मग ती चक्क हसली.

"तुज्यामुळं वाजलं व्हय? मला वाटलं, माजं डोस्कं वर गेलं." मग ती समजावून सांगायला लागली, लहान पोरानं शाळेतली गंमत सांगावी तशी. "भुरीकडनं शिकले बग. ती खालनं जाती, तिला कवाच वाजत न्हाय. म्हनलं, आपुन बी खालनं जाऊन बघावं. पयल्या दिवशी लई भ्या वाटलं. न्हाय वाजलं. मग रोजच."

"अव्वा, सांगायचं न्हाय का मला? बटन हुतं की गं."

"बोटं चालत न्हाईत यप्पा. आन तू म्हनलास उठू नको. तुजं मशीन चालंना झालं हुतं न्हवं." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तळहात घट्टे पडून जाड झाला होता. "आता चालतंय बग. बारा जनांनी मागितलंय म्हनलास. किती वर्सांनी तुला हसताना बघितलं."

गुरुलिंग रडला. राजश्रीला त्यानं फोन केला तेव्हाही रडत होता. राजश्री मशीनवरचं काम तसंच टाकून आली आणि तिनं पहिल्यांदा लुगड्याचं ठिगळ उलटून बघितलं. मग तीही रडली. अव्वाला मात्र कळेना की सगळं नीट चाललेलं असताना ही दोघं अशी का करताहेत.

डॉक्टरांनी पाय हातात घेऊन वाकवून बघितला, सरळ करून बघितला. तो सरळ होईना. दोन्ही गुडघे वाकलेल्या जागी आखडले होते, मांड्यांत मांस उरलं नव्हतं. "तीन महिने चालल्याच नाहीत का या?" त्यांनी विचारलं. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला?" ते म्हणाले, आणि मग त्याचा चेहरा बघून थांबले. व्यायाम लिहून दिला, गरम पाण्याचा शेक लिहून दिला. उभं राहण्याचं काय, असं राजश्रीनं दारातून परत वळून विचारलं तेव्हा त्यांनी कागदावरून मान वर केली नाही.

तरी त्यांनी महिनाभर झगडून बघितलं. रोज दोन वेळा राजश्रीनं एका बाजूनं आणि गुरुलिंगनं दुसऱ्या बाजूनं धरून अव्वाला वॉकरशी उभं करायचं. पहिल्या आठवड्यात ती दहा आकडे मोजेपर्यंत लटकायची. दुसऱ्या आठवड्यात पाच. पाय खाली टेकायचेच नाहीत, वाकलेलेच राहायचे. वीस वर्षं मंद्रूपची वाट तुडवलेले पाय ते. चौथ्या आठवड्यात एके संध्याकाळी ती म्हणाली, "सोडा आता. दुखतंय लई. खालीच बरं वाटतंय मला." त्यांनी तिला खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी कुणीच वॉकर पुढं आणला नाही.

कुलूप तर त्याच मंगळवारी गेलं होतं. गुरुलिंगनं दुकानातलं टेबल घरी आणलं आणि तो हॉलमध्येच काम करायला लागला. दार दिवसभर सताड उघडं ठेवायचा. वॉकर सुटल्यावर काही दिवसांनी धोंडिराम मास्तरांचा फोन आला, मशीन कधी बसवतोस म्हणून.

"ते जमलं न्हाय, मास्तर."

"अरे, तूच तर दाखवलंस मला. एकेचाळीस वेळा मांजर, आणि एकदा पण..."

"न्हाय जमलं," गुरुलिंग म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. बाकीच्यांचे फोन त्यानं उचलले नाहीत.

त्याच दिवशी त्यानं भिंतीवरच्या दोन्ही डब्या उपटून काढल्या. संध्याकाळी अव्वा हॉलमध्ये आली तेव्हा तिची नजर भिंतीकडं गेली.

"डब्या कुटं गेल्या रं?"

"काडल्या."

"का? माज्यामुळं बिगडलं व्हय?"

"न्हाय, अव्वा."

"मग चांगलं चाललं हुतं की. तीन म्हैनं एकदा बी वाजू दिलं न्हाय मी." तिचा आवाज फुटला. "एवडं संबाळलं, आन तू काडून टाकलंस?"

खुबा मोडला तेव्हा ती रडली नव्हती. पाय गेले असं कळलं तेव्हाही नव्हती. आता ती पदर तोंडाशी धरून हुंदके द्यायला लागली. गुरुलिंग तिच्यासमोर बसून राहिला. मशीन चुकीचं होतं असं सांगावं, तर तिचे पाय फुकट गेले असं सांगितल्यासारखं होतं. बरोबर होतं म्हणावं, तर जीभ उचलत नव्हती.

सकाळी उठून त्यानं दोन्ही डब्या परत भिंतीवर लावल्या. आत काही नाही, मागं वायर नाही, नुसती टरफलं. अव्वानं बघितलं आणि ती शांत झाली. "हां," म्हणाली, "आता बरं दिसतंय."

त्यानंतर आठवड्याभरानं, भर दुपारी, गुरुलिंग टेबलाशी एक रेडिओ उघडून बसला होता. दार उघडं होतं. चैतालीकडून आलेलं पिल्लू दारातल्या उन्हात झोपलं होतं. आतल्या खोलीतून तांब्या सरकल्याचा आवाज आला. गुरुलिंग तिला उचलायला उठला, पण अव्वानं हातानंच नको म्हटलं आणि ती फरशीवरून एक एक वीत पुढं येत राहिली. डब्यांच्या समोर आल्यावर तिनं मान खाली घातली.

"अव्वा," गुरुलिंग म्हणाला, "रिकाम्या हायत त्या. आत काय बी न्हाय. वर बघून जा."

"ठावं हाय मला," अव्वा म्हणाली. "लावल्यास तवाच कळलं."

आणि कपाळ गुडघ्याला लावून ती तशीच मोरीकडं सरकत गेली.